ठसा कधीचा?

आमच्या सांगलीतून ठाण्याला माणसं जातात ती लग्नाला, बारशाला, नाहीतर कुणाला तरी दवाखान्यात बघायला. हौसेने ठाण्याला जाऊन आलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. म्हणून आठ दिवस ठाणे-डोंबिवली-कल्याण करून आल्यावर मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगायला बसले, तेव्हा चित्रकलेच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कोण आजारी होतं?" कुणी नव्हतं. म्हणजे एक जण पडला, पण तो तिथे गेल्यावर पडला, आणि त्याचे माझ्यावर उपकार आहेत. ते पुढे येईलच. मी गेले होते टेनिसचे निकाल द्यायला.

मी मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि गेली वीस वर्षं सुट्ट्यांमध्ये, कधी रजा काढून, टेनिसची अंपायर म्हणून गावोगाव फिरते. टीव्हीवर दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या स्पर्धांमध्ये आता रेषेवर माणसं उरलेली नाहीत. तिथे कॅमेरेच 'आउट' म्हणून ओरडतात आणि खेळाडू त्यांच्याशीही भांडतात. पण व्यावसायिक टेनिसची एक खालची पायरी असते. तिथे मुली एकेका गुणासाठी देशोदेशी फिरतात, हॉटेलच्या बेसिनमध्ये स्वतःचे मोजे धुतात, आणि बॉल आत की बाहेर हे अजून माणसाच्या डोळ्यांनी ठरतं. त्यातही कोर्ट लाल मातीचं असलं तर एक जास्तीची सोय असते. बॉल पडला की मातीवर ठसा उमटतो. खेळाडूला शंका आली तर अंपायरने खुर्चीवरून उतरायचं, ठशाजवळ जायचं आणि बघायचं. ठसा रेषेला भिडला असेल तर बॉल आत. मध्ये केसभर माती दिसली तर बाहेर. शाळेतल्या पाचवीच्या मुलीलाही जमेल असं हे काम, आणि मी त्यातच तोंडघशी पडले होते.

ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. पाच वर्षांपूर्वी पुण्यात एका सामन्यात मी खुर्चीत होते. कल्याणची रेवती नावाची मुलगी खेळत होती, जेमतेम एकोणीस वर्षांची. एक गुण मिळाला की सामना तिचा, अशा वेळी तिचा बॉल मागच्या रेषेपाशी पडला. समोरच्या मुलीने हात वर केला. मी उतरले, बोटभर बाहेर असलेला ठसा पाहिला आणि 'आउट' दिलं. रेवती धावत आली आणि जाळी ओलांडून पलीकडे गेली. ते नियमात बसत नाही, मी ताकीद दिली. तिने शेजारच्या दुसऱ्या ठशाकडे बोट दाखवलं. तो रेषेला भिडलेला होता. मी नाही म्हटलं. मग ती सगळ्यांसमोर मला "चोर" म्हणाली आणि तिने रॅकेट आपटून मोडली. मी तिचा एक गुण कापला. तिचा तोल सुटला तो सुटलाच, आणि हातातला सामना ती हरली.

रात्री कुणीतरी त्याचा व्हिडिओ पाठवला. मी खोलीत एकटी बसून तो दहा वेळा पाहिला. रेवती बरोबर होती. मी दाखवलेला ठसा दोन-तीन गेम आधीचा होता. पण तोवर माझा अहवाल जाऊन पडला होता, आणि त्यात मी 'माझी पूर्ण खात्री आहे' असं लिहिलं होतं. ते वाक्य मी बदललं नाही. तेव्हापासून मला खुर्ची मिळाली नाही आणि मी मागितलीही नाही, रेषेवरच उभी राहत आले. लोकांना वाटलं, शिवी खाऊन बाई खचल्या. खाई त्याला खवखवे, हे फक्त मला ठाऊक होतं.

डोंबिवली

उतरले ते मावसबहिणीकडे, शैलाकडे, डोंबिवली पूर्वेला. शैला बँकेतून निवृत्त झाली आहे आणि आता तो सगळा वेळ सल्ले देण्यात घालवते. मी सांगलीहून दोन किलो भडंग नेलं होतं. तिने डबा उघडून वास घेतला, मूठभर तोंडात टाकलं आणि मग म्हणाली, "ये, बस." सकाळी तिने आंबोळ्या केल्या. आमच्याकडे सकाळी सकाळी नारळाची चटणी म्हणजे सणवार. इथे तिने वाटीभर वाढून "अजून घे गं, लाजतेस काय" म्हटलं.

पहिल्याच दिवशी तिच्या सल्ल्याने माझा घात केला. "एवढी बॅग घेऊन ट्रेनने कशाला मरतेस, गाडी मागव, शीळफाट्यावरून सरळ ठाणं." ते सरळ ठाणं शीळफाट्यापाशी येऊन थांबलं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि शेजारच्या रिक्षातला माणूस निवांत केस विंचरतोय. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, इकडे टाइम बघायचा नसतो." मी बघत होते. अंपायर लोकांच्या बैठकीला मी चाळीस मिनिटं उशिरा पोचले. आयुष्यभर उशिरा येणाऱ्या मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, त्याची फेड शीळफाट्याने एका सकाळीत केली.

स्पर्धेचे रेफरी, म्हणजे आम्हा सगळ्या अंपायरांच्या वरचे, होते देवस्थळी. सत्तरीकडे झुकलेले, कडक इस्त्रीचे, आवाज कधी न चढवणारे. पुण्याच्या त्या सामन्यालाही तेच रेफरी होते. बैठक संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"सुनंदाताई, तुमच्या अंपायरच्या बॅजची मुदत यंदा संपते आहे. ती वाढवायची की नाही, ते या आठवड्यात मला लिहून कळवायचं आहे."

"हो सर."

"चूक सगळ्यांची होते. माझीही झाली आहे. पण त्या दिवशी तुम्ही 'पूर्ण खात्री' असं लिहिलंत, तेवढं मला खटकलं होतं."

 त्यांनी चष्मा पुसला आणि कोण कुणाशी खेळणार तो ड्रॉचा कागद माझ्या हातात दिला. वरच्या अर्ध्या भागात पहिलंच नाव रेवतीचं होतं.

ठाणे पूर्व

क्लब कोपरीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. लाल मातीची चार कोर्टं, एका बाजूला इमारती आणि दुसऱ्या बाजूला कांदळवन. वारा फिरला की चिखलाचा वास येई. परदेशी मुली नाकाला रुमाल लावायच्या आणि क्लबची माणसं तो वास आलाच नाही असा चेहरा करायची. जानेवारी होता. सांगलीत मी स्वेटर घालून निघाले होते, इथे दुपारी बारा वाजता टोपीतून घाम गळत होता.

पहिले तीन दिवस मी रेषेवर होते. सरावाच्या वेळी रेवती समोरून आली. चोवीस वर्षांची झाली होती, खांदे भरले होते, केस बारीक कापले होते. तिने मला पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेली. तिने शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

कोर्टांची देखभाल करायला हिराबाई नावाच्या बाई होत्या. साठीच्या, काटक, कोपरीच्या कोळी. नवऱ्याची होडी होती तोवर त्या खाडीत जायच्या. खाडीत मासळी उरली नाही, मग होडी विकली आणि त्या इथे लागल्या. सामना संपला की कोर्टावर जाळीची चटई ओढून सगळे ठसे पुसायचे, रेषा झाडायच्या, पाणी मारायचं. "आदी खाडीत जाल ओढायचू, आता हितं ओढताव," असं त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकटीच कोर्टावर वाकून ठसे बघत होते. पाच वर्षांत ही सवयच लागली होती. हिराबाई चटई घेऊन येऊन उभ्या राहिल्या.

"काय शोधतंस गो? कानातला पडला काय?"

मी सांगितलं, ठसे बघतेय. बॉल कुठे पडला ते ओळखायचं असतं. दोन ठसे जवळजवळ असले की माझा गोंधळ होतो. एवढं खरं मी देवस्थळींनाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "उद्या सकाली सुकती हाय. पानी उतरंल. ये माज्यासंगती चिंबोऱ्या धराला. तुला दावतंय."

कोपरीची खाडी

गुरुवारी मला सुट्टी होती, मी गेले. खेकडे आम्ही कृष्णेकाठीही धरतो, पण दगडाखालचे, आणि पाय जमिनीवर ठेवून. इथे जमीन हा प्रकारच नव्हता. पाणी उतरलेलं, पुढे करडा चकचकीत चिखल, लांबवर पांढऱ्या पक्ष्यांची रांग आणि त्यांच्यामागे पुलावरची वाहतूक.

"चपला काढ गो," हिराबाई म्हणाल्या.

"राहू देत. काचबिच लागायची."

त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. चौथ्या पावलाला मी गुडघ्यापर्यंत आत गेले. पाय ओढला, तो आला, उजवी चप्पल नाही आली. हिराबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आता डावीपन दे त्याला, जोडी होईल," म्हणाल्या. मी डावी हातात घेतली आणि अनवाणी त्यांच्यामागे निघाले.

चिखलात सगळीकडे बिळं होती, शेकडो. मला सगळी सारखीच दिसत होती. त्या मात्र दहा बिळं ओलांडून अकराव्यात हात घालायच्या, पार खांद्यापर्यंत, आणि चिंबोरी घेऊन बाहेर यायच्या. त्यांचा हात एकदाही रिकामा आला नाही. मी विचारलं, कसं कळतं?

त्यांनी मला दोन बिळांपाशी बसवलं. म्हणजे चिखलातच बसवलं.

"ह्या बग. कड कशी हाय?"

"गोल. गुळगुळीत."

"रंग?"

"बाकी चिखलासारखाच."

"हा कालचा. घर रिकामा. आता ह्या बग. कड उभी हाय, आतला चिखोल वर आलाय, काला, वला. हा आताचा. तुमी शिकलेली मान्सा इचारता, कुठं हाय, केवडा हाय. चिखोलाला आदी इचारायचा, कवाचा हाय. मंग बाकी सगला."

मी त्या दोन बिळांकडे बघत राहिले. पाच वर्षं मी स्वतःला विचारत होते, मला रेषा नीट का दिसली नाही? मला रेषा नीटच दिसली होती. पुण्याच्या ठशाला मी सगळं विचारलं, तू कधीचा एवढंच विचारलं नाही. उन्हात कोर्टाचा वरचा थर सुकून फिका होतो, बॉल तो थर खरवडतो आणि खालची ओल वर येते. ठसा ताजा असेपर्यंत गडद दिसतो, थोड्या वेळाने तोही फिका पडतो. वीस वर्षं कोर्टावर काढून हे मला एका कोळणीने खाडीत बसवून शिकवावं लागलं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. मी मोठ्याने हसले, तेव्हा हिराबाईंना वाटलं, चिखलात काहीतरी चावलं.

त्यांच्या घरी चिंबोऱ्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी जेवले. आमची ज्वारीची भाकरी मोडताना आवाज करते, ही मऊ आणि पांढरीशुभ्र, रुमालासारखी घडी होणारी. नांग्या फोडताना मी इतका पसारा केला की त्यांच्या सुनेने शेवटी ताट पुढे ओढून मला सोलून दिलं.

कल्याण

एक चप्पल घेऊन डोंबिवलीला परतले. शैलाने कपाळावर हात मारला आणि संध्याकाळी मला कल्याणला नेलं, कारण तिच्या मते पायात घालायची वस्तू घ्यावी तर कल्याणच्या परबांकडेच. स्टेशनपासून पाच मिनिटांवर अरुंद दुकान, छतापर्यंत खोके. परब साठीचे, बनियनवर बसलेले. गल्ल्यामागे भिंतीवर रेवतीचा मोठा फोटो, हातात कप.

"आपली पोरगी आहे," परब माझ्या पायात सहा नंबर घालत म्हणाले. "पहिला बूट माझ्याकडनं घेतलेला. सात वर्षांची होती. आता फायनलला जाणार बघा."

"हो का," मी म्हटलं.

"पुढे गेली असती ओ केव्हाच. पुण्याला एका बाईने वाट लावली तिची. अंपायर होती कोण सांगलीची. डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली. अंगठ्याला लागतंय का?"

"नाही."

"अशा लोकांना खुर्चीत बसवतातच कशाला? तुम्ही कुठच्या मॅडम?"

"सांगलीची," शैलाने अभिमानाने सांगून टाकलं.

परबांचा हात माझ्या टाचेवर थांबला. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, "सांगली मोठी आहे." त्यांनी मान डोलावली आणि डावी चप्पल चढवली.

बाहेर आल्यावर शैला तापलेली. "त्याला तोंडावर सांगायला हवं होतंस. तू बरोबर होतीस म्हणून." मी नवीन चपलांकडे बघत चालत राहिले. सख्ख्या बहिणीसारखी बहीण, तिलाही मी पाच वर्षं हेच भासवत आले होते.

पुन्हा ठाणे

शनिवारी रेवती उपांत्य सामना जिंकली. फायनलला तिच्यासमोर कझाकस्तानची गुलझान, सहा फुटी, शांत मुलगी. खुर्चीत बसणार होता दिल्लीचा एक तरुण अंपायर. त्याला शनिवारी संध्याकाळी कुणीतरी ठाण्याची मिसळ खायला नेलं. एक प्लेट खाऊन तो म्हणाला, "ये तो कुछ भी नहीं," आणि दुसरी मागवली. रविवारी सकाळी तो हॉटेलच्या खोलीतून बाहेर येऊ शकला नाही.

देवस्थळींचा फोन आला तेव्हा मी आंबोळी खात होते. "खुर्चीत तुम्ही बसाल का? मी रेवतीला विचारलं. ती म्हणाली, चालेल."

माझ्या पाचावर धारण बसली. मी हो म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन बादलीसमोर गुलझानचं आडनाव पाठ करू लागले, कारण ते मला सामनाभर माइकवर म्हणायचं होतं. त्यात घशातून काढायची दोन अक्षरं होती. शैलाने दार वाजवलं, "सुनंदा, उलटी होतेय का? लिंबू देऊ?"

दुपारी स्टँड भरलं होतं. कल्याणहून दोन गाड्या भरून माणसं आलेली. पहिल्या रांगेत परब होते, इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांच्या मागे माझ्याबरोबर आलेली शैला. मी खुर्चीवर चढताना त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे नव्हतं, पायांकडे होतं. दुकानदाराची नजर. मग ती हळूहळू वर आली.

पहिला सेट रेवतीने घेतला, दुसरा गुलझानने. तिसऱ्याआधी हिराबाईंनी चटई ओढली, पाणी मारलं. ऊन होतं, बघता बघता कोर्ट फिकट झालं. रेवती सुंदर खेळत होती. पाच-तीनने पुढे गेली आणि गुलझानच्या सर्व्हिसवर त्या गुणापर्यंत आली, तो एक जिंकली की सामना तिचा. मी माइकवर गुण सांगितले. 

लांब रॅली झाली. रेवतीने बॉल कोपऱ्यात मारला, तो मागच्या रेषेपाशी पडला. रेषेवरची मुलगी गप्प राहिली, म्हणजे बॉल आत. स्टँड उभं राहिलं. रेवतीने दोन्ही हात वर केले. आणि गुलझान जागची न हलता, रॅकेटच्या टोकाने मातीकडे दाखवत, माझ्याकडे बघत होती.

मी खुर्चीवरून उतरले.  सगळं पुन्हा तसंच आलं होतं. तीच मुलगी, तोच गुण, तीच मागची रेषा. जवळ गेले तर दोन ठसे, वीतभर अंतरावर. एक रेषेला भिडलेला. रेषेवरची मुलगी लगबगीने येऊन त्याकडे बोट दाखवत होती. दुसरा बोटभर बाहेर. लोक ओरडत होते, "इन! इन!" आतला ठसा द्यावा, सामना संपवावा, रेवतीला पाच वर्षांपूर्वीचं परत करून टाकावं आणि सगळ्या कल्याणने मला खांद्यावर घ्यावं, हे किती सोपं होतं. तो मोह मला झाला. तो झालाच नाही असं म्हणणार नाही.

मग मी वाकले आणि मनात विचारलं, कवाचा?

आतला फिका होता, सगळ्या कोर्टासारखा. कडा गोल झालेल्या. बाहेरचा मध्यभागी गडद होता, ओल्या विटेसारखा, आणि पुढच्या कडेला मातीचे कण उभे होते.

मी बोट वर केलं. "आउट."

स्टँडमधून जो आवाज उठला तो मी जन्मात विसरणार नाही. त्यातूनही परब ऐकू आले, "अरे ही तर तीच! सहा नंबरवाली!" रेवती रॅकेट उंचावून जाळीकडे धावत आली. मी तिच्याकडे पाठ केली नाही. ती आली, आणि जाळीला पायाचे अंगठे टेकवून थांबली.

"मॅडम, कुठला?"

"हा बाहेरचा. आतला जुना आहे, सुकलाय. हा अजून ओला आहे."

एवढ्या लांबून तिला रंग दिसणं शक्य नव्हतं. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. पाच वर्षांपूर्वी कागदावर मी हीच खात्री लिहिली होती, आणि ती खोटी होती.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळली आणि एक शब्द न बोलता आपल्या जागेवर गेली. लोक अजून ओरडत होते. तिने स्टँडकडे बघून हात खाली दाबला, बसा म्हणून.

तो गेम गुलझानने जिंकला. पाच-चार. बाजू बदलल्या आणि रेवती त्याच बाजूला आली. सर्व्हिस करण्याआधी ती त्या दोन ठशांपाशी गेली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि पाहिलं. बाहेरच्या ठशाचा मध्य अजून किंचित गडद असणार. मग तिने बूट फिरवून एक ठसा पुसून टाकला. तिने आतला पुसला. जुना, तिच्या फायद्याचा. बाहेरचा तसाच राहू दिला.

स्टँड आपोआप गप्प झालं. परब खाली बसले.

पुढच्या गेममध्ये तिने गुलझानला एकच गुण दिला. शेवटची सर्व्हिस रेषेवर पडून अशी निघाली की गुलझान रॅकेटही लावू शकली नाही, आणि त्या बॉलबद्दल कुणीच काही विचारलं नाही. मी माइकवर निकाल सांगितला. गुलझानचं आडनावही बरोबर म्हटलं.

रेवती हात मिळवायला खुर्चीपाशी आली. मी तिचा हात धरून ठेवला. "रेवती, पुण्याचा तो बॉल आत होता. मला त्याच रात्री कळलं होतं. मी सांगितलं नाही."

तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "माहितीये मॅडम. मला वाटायचं, हे मला एकटीलाच माहितीये." मग नाक ओढून म्हणाली, "मी पण जाळी ओलांडायला नको होती. आणि ते बोलायला नको होतं."

बक्षीस समारंभाची टेबलं लागेपर्यंत मी देवस्थळींकडे गेले. जुन्या अहवालाला एक पान जोडायचं आहे, म्हटलं. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. "द्या लिहून, मी फाइलला लावतो," म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात नाशिकला खुर्ची रिकामी आहे. जमेल?" मी हो म्हटलं. 

हिराबाई चटई घेऊन उभ्या होत्या. "मना हितनाच दिसला, काला डाग," म्हणाल्या, जणू निकाल त्यांनीच दिला होता. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. माझी उजवी चप्पल, धुऊन वाळवलेली. "कुटं बुडली ते ठावं होतं. सुकतीत जाऊन काडली." मी त्यांना मिठी मारली. नुकताच चोपून नेसलेला लुगड्याचा काष्टा चुरगळला म्हणून त्या करवादल्या. परबही आले, माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "मॅडम, चावत नाहीत ना? महिनाभरात सैल होतील." एवढंच. मला ते पुष्कळ होतं.

मग कप दिला, फोटो झाले आणि रेवतीच्या हातात माइक आला. तिने आईचे, कोचचे, क्लबचे आभार मानले. परबकाकांचेही मानले, तेव्हा ते उठून उभे राहिले. मग ती थांबली आणि कोर्टाकडे बघत म्हणाली, "आज माझा एक बॉल गेला. आणि एक परत मिळाला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कळलं असो नसो. मी रांगेच्या टोकाला, ब्लेझरमध्ये, एका हातात चप्पल घेऊन उभी होते आणि मला डोळे पुसता येत नव्हते. स्टँडमधून उतरून शेजारी आलेली शैला टाळ्या वाजवत माझ्याकडे झुकली.

"कुठला बॉल परत मिळाला गं तिला?"

"माझ्याकडे होता," मी म्हटलं. "पाच वर्षं."